पीआयच्या प्रोजेक्टमधून स्वतःच्या प्रश्नाकडे

ताई, नमस्कार.

पीएचडी संपवून दीड वर्षापूर्वी मी एका मोठ्या, नावाजलेल्या लॅबमध्ये पोस्टडॉक म्हणून आले. विषय पेशीजीवशास्त्र. पेशीतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, तुटतात कसे आणि पुन्हा जोडले जातात कसे, यावर आमचं काम चालतं. करार तीन वर्षांचा, म्हणजे निम्मा संपला. हातात तीन कामं आहेत: पीआयने (प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे लॅबप्रमुखांनी) दिलेला मुख्य प्रोजेक्ट, एका पीएचडी विद्यार्थ्याच्या कामात मदत आणि माझ्या पीएचडीचा अर्धवट राहिलेला पेपर. इथे आल्यापासून माझ्या नावावर एकही पेपर नाही. माझ्याबरोबर पीएचडी झालेल्या मित्राचे एवढ्यात चार आले.

गेल्या महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. फेलोशिपचा अर्ज थोडक्यात हुकला. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एका गटाचा प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) आला, त्यात आमच्या मुख्य प्रोजेक्टचे जवळपास निम्मे निष्कर्ष आहेत. पीआय स्वभावाने चांगले आहेत. म्हणाले, "काळजी करू नकोस, काम चालू ठेव." पण म्हणजे नक्की काय करू?

जो तो सांगतो की आता स्वतंत्र व्हायला हवं, स्वतःची ओळख हवी. पण लॅब पीआयची, पैसा पीआयचा, प्रोजेक्ट पीआयचा. यात माझं वेगळं काय असणार? मध्यंतरी मला एक गोष्ट दिसली होती. पेशी विभागल्यावर दोन कन्यापेशींत मायटोकॉन्ड्रिया सारखे वाटले जात नाहीत, असं काही व्हिडिओंत वाटलं. पीआयना दाखवलं तर म्हणाले, "इंटरेस्टिंग आहे, नंतर बघू." ते तिथेच राहिलं. आता जोर कशावर लावू? पटापट छोटे पेपर काढू की एका मोठ्या पेपरची वाट बघू? आणि हे क्षेत्र माझ्यासाठी आहे की नाही, हे कधी ठरवायचं असतं?

– एक पोस्टडॉक

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू शेवटाकडे, जाता जाता लिहिली आहेस: कन्यापेशींत मायटोकॉन्ड्रिया सारखे वाटले जात नाहीत असं वाटलं. पेपर किती झाले, फेलोशिप का गेली, मित्र कुठे पोहोचला, हे सगळं बाजूला ठेवून मला आधी त्याबद्दल बोलायचं आहे. पोस्टडॉकच्या वर्षांत कमवायची मुख्य गोष्ट म्हणजे एक असा प्रश्न, जो इथून निघताना तू बरोबर नेशील आणि ज्यावरून लोक तुला ओळखतील. पेपर लागतातच, पण तेही त्या प्रश्नाच्या दिशेने जाणारे असले तर उपयोगी पडतात.

संशोधन करता येतं हे तू पीएचडीत दाखवलंस. पोस्टडॉक झालेल्या माणसाकडून निवड समितीला वेगळंच काही जाणून घ्यायचं असतं: काय शोधावं, हे या व्यक्तीला ठरवता येतं का? मी अशा समित्यांवर काम केलं आहे, म्हणून अर्ज कसा वाचला जातो ते सांगते. पहिल्या फेरीत एका अर्जाच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. पेपरांच्या यादीवरून नजर फिरते, पीआयचं नाव ओळखीचं निघतं आणि मग सगळे रिसर्च स्टेटमेंटच्या, म्हणजे पुढे काय संशोधन करणार ते सांगणाऱ्या टिपणाच्या, पहिल्या पानावर येतात. तिथे 'अमुक प्रोटीनच्या भूमिकेचा अभ्यास मी पुढे चालू ठेवीन' असं दिसलं की टेबलाभोवतीचं कुणीतरी हमखास विचारतं, "हे काम त्या लॅबमध्ये चालू राहणारच आहे ना? मग ही त्यांच्याशीच स्पर्धा करणार का?" अर्जात याचं उत्तर नसेल तर चर्चा पुढे सरकत नाही, मग पेपर कितीही मोठ्या जर्नलमधला असो. याउलट एखादी यादी छोटी असते, पण पहिल्याच परिच्छेदात नेमका प्रश्न असतो, तो सोडवायची हातोटी याच व्यक्तीकडे का आहे ते असतं आणि पहिल्या दोन वर्षांत काय करणार तेही असतं. अशा अर्जावर लोक थांबतात, एकमेकांशी वाद घालतात. समितीत आपल्यावरून वाद होणं उमेदवाराच्या पथ्यावरच पडतं.

म्हणून तुझं ते निरीक्षण 'वाटलं' या पायरीवर सोडून देऊ नकोस. आधी हे काढ की निव्वळ योगायोगाने किती विषमता दिसायला हवी. विभाजनाच्या वेळी मायटोकॉन्ड्रियाचं जाळं तुटून त्याचे सुटे तुकडे होतात, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. समज, एका पेशीत असे १०० तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा नाणेफेकीसारखा या किंवा त्या बाजूला जातो. सरासरी ५०-५० येईल आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून एरवी पडणारा फरक, ५ येईल. म्हणजे ४५-५५ हे रोजचंच. ४०-६० किंवा त्याहून जास्त फरकसुद्धा साधारण विसातून एखाद्या वेळी दिसणार. तुकडे २५च असतील तर विचलन अडीच, म्हणजे टक्केवारीत थेट दुप्पट. शिवाय एक कन्यापेशी आकाराने मोठी असेल तर तिच्याकडे जास्त तुकडे जाणं ओघानेच आलं. तेव्हा हातात आहेत त्याच व्हिडिओंतून प्रत्येक कन्यापेशीचं आकारमान आणि तिच्यातले मायटोकॉन्ड्रिया दोन्ही मोज, आकाराचा हिशेब वजा कर आणि योगायोगाच्या पलीकडे काही उरतं का ते बघ. मोजण्याआधी फाइलींची नावं लॅबमधल्या कुणाकडून तरी बदलून घे, म्हणजे कुठली पेशी कुठल्या प्रयोगातली हे तुला कळणार नाही. आपल्याला हवं ते दिसण्याची सवय डोळ्यांना फार लवकर लागते.

याला नवा प्रयोग लागत नाही, नवा खर्च लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत तुला कळेल की यात दम आहे की नाही. नसेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. खोटा प्रश्न तीन आठवड्यांत निकालात निघणं हे तीन वर्षांनी निघण्यापेक्षा किती तरी बरं.

असेल, तर आधी काय झालं आहे ते नीट वाच. २०१५ साली 'सायन्स'मध्ये एक काम आलं होतं: मूलपेशींसारखे गुण असलेल्या मानवी स्तनपेशी विभागताना जुने मायटोकॉन्ड्रिया एका कन्यापेशीकडे जास्त पाठवतात आणि जिच्या वाट्याला जुने कमी येतात तिच्यात मूलपेशीचे गुण टिकून राहतात. म्हणजे रान अगदी मोकळं नाही. मला हे चांगलंच वाटतं, कारण हा विषय महत्त्वाचा का, हे तुला कुणाला पटवून द्यावं लागणार नाही. मात्र 'वाटप विषम होतं का' इतका ढोबळ प्रश्न आता चालणार नाही. इथे तुझ्या लॅबचा खरा उपयोग आहे. मायटोकॉन्ड्रिया तुटणं कमी-जास्त करण्याची साधनं तुमच्याकडे तयार आहेत. तुकडेच नीट होऊ दिले नाहीत तर वाटपाचं काय होतं? आणि जिला कमी मिळाले ती कन्यापेशी पुढच्या काही तासांत ती तूट भरून काढते की तशीच जगते? प्रश्न कसा घट्ट होत जातो हे दाखवण्यासाठी ही दोन उदाहरणं दिली. नेमका कुठला घ्यायचा ते तुझं तू ठरव. तुझ्या पीएचडीत तू कुठलं तंत्र शिकलीस ते पत्रात नाही. ते तंत्र आणि या लॅबची साधनं जिथे एकमेकांना भेटतात तिथे शोध, कारण त्या जागी उभं असलेलं दुसरं माणूस सहसा सापडत नाही. आणि प्रश्न निवडताना एक कसोटी लाव: उत्तर 'हो' आलं तरी सांगण्याजोगं असलं पाहिजे आणि 'नाही' आलं तरी. एकाच उत्तरावर ज्याचं सगळं भवितव्य टांगलेलं आहे, असा प्रश्न दीड वर्ष उरलेल्या माणसाने घेऊ नये.

आता पीआयशी बोलण्याचं. बहुतेक पोस्टडॉक हे बोलणं टाळत राहतात, आणि टाळल्याची खरी किंमत शेवटच्या दोन महिन्यांत कळते. माणूस दुसरीकडे रुजू व्हायला निघालेला असतो आणि तेव्हा पीआय म्हणतात, "हा विषय तर लॅबचा आहे, नवा विद्यार्थी त्यावर येतोय." यात कुणी खलनायक नसतो. दोघांनीही आपापल्या परीने काही गृहीत धरलेलं असतं. तुझे पीआय "नंतर बघू" म्हणाले त्याचा अर्थ 'नको' असा मी घेणार नाही. मोठी लॅब चालवणाऱ्या माणसाकडून, समोर नेमकी मागणी नसेल तर, हेच उत्तर येतं.

दर आठवड्याची डेटा दाखवायची भेट असते, तिच्यात हे उरकू नकोस. वेगळा तास मागून घे आणि कशासाठी ते आधी कळव: 'पुढच्या दीड वर्षाचं आणि त्यानंतरचं बोलायचं आहे.' जाताना एकच पान ने. वरच्या भागात मुख्य प्रोजेक्ट: पेपरच्या फिगर कोणत्या, त्यातल्या किती झाल्या, काय बाकी आहे, कधीपर्यंत होईल. पीआयच्या डोक्यात पहिली काळजी हीच असते, आणि ती मिटल्याशिवाय पुढचं त्यांच्या कानावर नीट पडत नाही. मधल्या भागात तुझं निरीक्षण, त्या मोजणीच्या एका आलेखासकट. खालच्या भागात मागणी. ती साध्या शब्दांत बोल. "मला साधारण वर्षभराने स्वतंत्र पदांसाठी अर्ज करायला सुरुवात करायची आहे. हा प्रश्न मी पुढे माझा म्हणून नेऊ शकेन का? आठवड्यातला एक दिवस मी यावर दिला तर चालेल का? आणि मी गेल्यावर लॅब यातलं काय करणार आणि काय नाही, हे आत्ताच ठरवू या का?"

बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेल कर. लांबलचक नको. 'आज बोललो त्याचा सारांश: मुख्य पेपरचा मसुदा अमुक महिन्यापर्यंत, कन्यापेशींच्या प्रश्नावर मी आठवड्यातून एक दिवस काम करणार, निघताना हा विषय, त्यासाठी बनवलेल्या सेल लाइन्स (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) आणि विश्लेषणाचा कोड मी बरोबर नेणार, तुटण्याच्या यंत्रणेचा मूळ प्रश्न लॅबकडे राहणार. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर सांगा.' हा ईमेल अविश्वासातून लिहायचा नसतो. दोन वर्षांनी दोघांनाही हे बोलणं वेगवेगळं आठवेल, म्हणून तो लिहायचा.

ते "हो" म्हणाले तर उत्तम. "थोडं आपण मिळून करू, मग ठरवू" म्हणाले तर पहिला पेपर मिळून आणि पुढचं तुझं, अशी वाटणी सुचवून बघ. पहिल्या पेपरला दोघंही करस्पॉन्डिंग ऑथर, म्हणजे पेपरबद्दल उत्तर देणारे जबाबदार लेखक, असावेत, हेही तिथेच विचार. आणि "या लॅबमधून निघालेलं सगळं लॅबचंच" असं साफ उत्तर आलं, तर ते ऐकायला कठीण असलं तरी करार निम्मा शिल्लक असताना कळलं हे बरंच झालं. मग शेजारचा, त्यांच्या साधनांवर न अडणारा प्रश्न शोधायला तुला वेळ आहे. कुठल्याही उत्तरात, लॅबबाहेरचा एक वरिष्ठ संशोधक सल्ल्यासाठी शोधून ठेव. शिफारसपत्रं साधारण तीन लागतात आणि ती तिन्ही तुझं काम जवळून पाहिलेल्या माणसांची हवीत. हे नातं अर्जाच्या आठवड्यात तयार होत नाही.

त्या प्रीप्रिंटचं दुःख मी समजू शकते, पण 'निम्मे निष्कर्ष' हा तुझाच शब्द आहे. म्हणजे निम्मे त्यांच्याकडे नाहीत. या आठवड्यात तो प्रीप्रिंट फिगर-फिगर करून वाच आणि तीन रकाने आख: त्यांनी दाखवलं ते, दोघांनी दाखवलं ते, फक्त आपल्याकडे आहे ते. दुसऱ्या रकान्याला कमी लेखू नकोस. वेगळ्या पेशी, वेगळी पद्धत आणि तोच निष्कर्ष म्हणजे त्या निष्कर्षाला मिळालेला स्वतंत्र दुजोरा. 'प्लॉस बायॉलॉजी'ने २०१८ मध्ये जाहीरच केलं की त्याच विषयावर दुसऱ्यांचा पेपर येऊन सहा महिन्यांच्या आत आलेलं काम 'हे आता नवीन नाही' एवढ्या कारणावरून परत पाठवलं जाणार नाही. अशी धोरणं असलेली जर्नलं कोणती, हे पीआयबरोबर बसून बघा. तिसऱ्या रकान्यातलं एखादं बळकट निरीक्षण पुढे आणून पेपरची मांडणी बदला आणि तुमचा प्रीप्रिंट शक्य तितक्या लवकर टाका. तारखेसह काम लोकांसमोर असलं की रिव्ह्यूच्या महिन्यांत जीव टांगणीला लागत नाही. शिवाय पुढच्या अर्जात त्याचा उपयोग होतो. वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेने २०१७ पासूनच अर्जांत प्रीप्रिंटचा उल्लेख करायला मुभा दिली आहे, आणि आता बऱ्याच ठिकाणी तो चालतो.

छोटे की मोठा, याचं माझं उत्तर: मुख्य प्रोजेक्टचा एक पूर्ण पेपर, पहिलं नाव तुझं, बऱ्या जर्नलमध्ये, लवकर. सर्वांत झगमगत्या जर्नलसाठी दोन वर्षं रिव्हिजनमध्ये घालवू नकोस. तीन वर्षांच्या कराराला ते परवडत नाही. तुकडे पाडून चार पेपर करण्यातही अर्थ नाही, कारण समितीला ते तुकडे दिसतात. मित्राच्या चार पेपरांमध्ये त्याचं पहिलं नाव किती ठिकाणी आहे, त्याचं क्षेत्र कुठलं, तिथे एका पेपरला किती वेळ लागतो, हे न बघता केलेली तुलना निरर्थक आहे. ती करून तू स्वतःलाच त्रास देते आहेस.

विद्यार्थ्याच्या कामात मदत करते आहेस ते चांगलंच आहे. उद्या लॅब चालवायची तर कुणाला तरी शिकवलेलं असायला हवं. पण नावाचं आत्ताच बोलून घ्या. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्या आहेत: कामात ठोस वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा चिकित्सेने सुधारण्यात भाग, अंतिम मजकुराला संमती आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही पूर्ण व्हाव्या लागतात. आता पुष्कळ जर्नलं 'क्रेडिट' नावाच्या वर्गवारीतल्या १४ भूमिकांपैकी कुणी कोणती पार पाडली हेही छापतात. ती यादी समोर ठेवून तू, विद्यार्थी आणि पीआय अशा तिघांनी पंधरा मिनिटं बोला. संकल्पना कुणाची, प्रयोग कुणाचे, विश्लेषण कुणाचं, हे काम चालू असताना ठरवणं सोपं असतं. पेपर तयार झाल्यावर त्याच बोलण्यात मनं दुखावतात.

पीएचडीच्या पेपरला मात्र मी तारीख घालीन. डेटा पूर्ण असेल आणि फक्त लिहायचं बाकी असेल तर दोन महिने दे आणि पाठवून दे. नवे प्रयोग लागणार असतील तर जुन्या लॅबमधल्या कुणाला तरी ते करू दे आणि पहिलं नाव वाटून घे. अपराधी वाटत राहून तो पेपर नुसता डोक्यावर बाळगण्यात तुझी जी शक्ती जाते आहे, ती तुला दुसरीकडे हवी आहे.

फेलोशिप थोडक्यात हुकली म्हणतेस. याच प्रसंगाचा अभ्यास झालेला आहे. एनआयएचकडे तरुण संशोधकांनी केलेले अर्ज घेऊन, मंजुरीच्या रेषेच्या जेमतेम वर आणि जेमतेम खाली राहिलेल्यांची पुढची वाटचाल तपासली गेली. ते काम २०१९ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलं. हुकलेल्यांपैकी जे टिकून राहिले त्यांच्या पेपरांचा प्रभाव पुढच्या दहा वर्षांत, जेमतेम जिंकलेल्यांपेक्षा जास्त निघाला. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की त्या एका नकारानंतर काही जण त्या व्यवस्थेतून कायमचे बाहेर पडले. मला हे दोन्ही निष्कर्ष तुझ्यासमोर ठेवायचे आहेत. रेषेच्या जवळ असलेल्यांत गुणवत्तेचा फरक फार थोडा असतो, हे त्यातून निघतं. 'नकार मिळणं चांगलं असतं' असं मात्र निघत नाही. रिव्ह्यूअरांचे शेरे आले असतील तर दोन आठवडे ते बाजूला ठेव, मग वाच आणि प्रत्येक शेऱ्यापुढे एकच गोष्ट लिही: हे प्रयोगाने सुधारेल की लिखाणाने? लिखाणाने सुधारणारे शेरे नेहमी अपेक्षेपेक्षा जास्त निघतात.

आणि मुदती तपास, आजच. अनेक संधी पीएचडीच्या तारखेपासून मोजल्या जातात. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संस्थेच्या पोस्टडॉक फेलोशिपसाठी पीएचडी होऊन दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, एनआयएचच्या के९९ या पोस्टडॉकांसाठीच्या अनुदानासाठी पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त चालत नाही, आणि युरोपातल्या मारी क्युरी फेलोशिपसाठी पीएचडीनंतरच्या संशोधनाची मर्यादा आठ वर्षांची आहे. बाळंतपण, आजारपण यांसाठी सवलती असतात, त्या मागायला संकोच करू नकोस. नियम बदलतात, म्हणून दर फेरीची मूळ नियमावली वाच. मैत्रिणीच्या आठवणीवर विसंबू नकोस.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. त्याला लोक एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या संशोधक कातालिन कारिको यांची गोष्ट सांगून उत्तर देतात: १९९५ मध्ये विद्यापीठाने पदावरून खाली उतरवलं, तरी आरएनएवरचं काम सोडलं नाही, २००५ मध्ये सहकारी ड्रू वाइसमन यांच्याबरोबरचा तो निर्णायक पेपर आला आणि २०२३ मध्ये नोबेल मिळालं. त्या गोष्टीबद्दल मला अतोनात आदर आहे. पण तिच्या शेजारी डग्लस प्रॅशर यांचीही गोष्ट ठेवायला हवी. जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचं, जीएफपीचं, जनुक त्यांनी वेगळं केलं. तो पेपर १९९२ चा. पुढच्या कामासाठी पैसा मिळाला नाही, तेव्हा त्यांनी ते जनुक मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना पाठवून दिलं. २००८ मध्ये जीएफपीसाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा प्रॅशर एका मोटारविक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. पुढे त्सिएन यांनी त्यांना आपल्या लॅबमध्ये काम दिलं. प्रॅशर यांच्यात बुद्धी कमी नव्हती आणि चिकाटीही कमी नव्हती. पैसा, आधार आणि वेळ यांचा मेळ बसला नाही. म्हणून जो टिकला तो लायक आणि जो गेला तो कच्चा, असं तुला कुणी सांगू लागलं तर ते मनावर घेऊ नकोस. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २०१० मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार विज्ञानात पीएचडी केलेल्यांपैकी साडेतीन टक्के लोक विद्यापीठात कायमच्या संशोधनपदावर पोहोचतात, प्राध्यापकपदापर्यंत अर्धा टक्काही नाही. म्हणजे बहुसंख्य लोक दुसरीकडेच जातात, आणि तिथेही उत्तम काम करतात.

ठरवायची वेळ मात्र आधी नेमून ठेव. नकाराच्या दिवशी हा निर्णय घ्यायचा नाही आणि पेपर स्वीकारला गेला त्या दिवशीही नाही. आजपासून नऊ महिन्यांनंतरची एक तारीख वहीत लिही आणि तिच्याखाली, तेव्हा काय बघणार ते आत्ताच लिही: मुख्य कामाचा प्रीप्रिंट आला का, माझा प्रश्न मोजणीत टिकला का, तो नेण्याबद्दल पीआयशी लेखी ठरलं का, आणि या कामाच्या अनिश्चिततेसह पुढची तीन-चार वर्षं मला आणि माझ्या घरच्यांना पेलतील का. शेवटचा प्रश्न आधीच्या तिन्हींइतकाच खरा आहे. तोवर उद्योगात, विज्ञानलेखनात, डेटाच्या कामात गेलेल्या दोन-तीन जणांशी नुसतं बोलून ठेव. पर्याय माहीत असलेला माणूस लॅबमध्येही मोकळेपणाने काम करतो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

एक राहिलंच. पीआयना भेटशील तेव्हा कराराचंही विचार: तीन वर्षांनंतर मुदतवाढ शक्य आहे का, ग्रँट कधी संपते, आणि नसेल वाढणार तर ते मला किती महिने आधी कळेल. अवघडल्यासारखं वाटेल, तरी विचार. नोकरीच्या अर्जांची एक फेरी सुरुवातीपासून रुजू होईपर्यंत सहज वर्षभर चालते, त्यामुळे त्या उत्तरावरून तुझे पहिले अर्ज या वर्षी जायला हवेत की पुढच्या, हे ठरेल.